धुळीतल्या कामगाराचे ‘नॉर्मल’ एलडीएच : तपासणी ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
कारखान्यांचे व खाणींचे वैद्यकीय अधिकारी, सुरक्षा विभागांचे प्रमुख आणि कामगारांच्या नियतकालिक तपासणीचे काम घेणाऱ्या प्रयोगशाळा यांस,

स.न.वि.वि.

खडी फोडणारे, ओतशाळेत साचे झटकणारे, फरशी कापणारे, वाळूच्या झोताने लोखंड घासणारे, बोगद्यात ड्रिल धरणारे अशा कामगारांच्या वार्षिक तपासणीच्या यादीत काही ठिकाणी रक्तातली एंझाइमे घातलेली असतात. बहुतेक वेळा एलडीएच (लॅक्टेट डिहायड्रोजनेज), कधी एसीई (अँजिओटेन्सिन कन्व्हर्टिंग एंझाइम), कधी अल्कलाइन फॉस्फटेज. रिपोर्ट येतो, आकडा छापील मर्यादेत असतो आणि कार्डावर शेरा पडतो : ‘फुप्फुसे ठीक, कामास योग्य’. हे पत्र त्या शेऱ्याबद्दल आहे. त्या आकड्यावरून तो शेरा देता येत नाही. का देता येत नाही, रक्त घ्यायचेच असेल तर कसे घ्यावे आणि त्या आकड्याचा खरा उपयोग कुठे आहे, हे जरा खोलात जाऊन लिहीत आहोत. ‘मार्कर’, म्हणजे आजाराची खूण, हा शब्द एकदा यादीत चढला की तो नेमका कशाचा मार्कर, हे विचारायचे राहूनच जाते.

मुळात कल्पना चुकीची नाही. स्फटिकरूप सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा, चार मायक्रॉनच्या आसपासचा किंवा त्याहून बारीक कण वायुकोशापर्यंत पोचतो. तिथली भक्षक पेशी, मॅक्रोफेज, तो गिळते. इतर धुळीचे बरेचसे कण ती वाहून नेते आणि बाहेर काढते. क्वार्ट्झपुढे मात्र तिचे काही चालत नाही. कण ज्या लायसोसोमच्या पिशवीत कोंडलेला असतो ती पिशवी फुटते, पाचक एंझाइमे पेशीच्या आतच सांडतात, एनएलआरपी३ नावाची धोक्याची यंत्रणा जागी होऊन आयएल-१ बीटा हे दाह पेटवणारे प्रथिन सुटते, पेशी मरते, आणि तोच कण मोकळा होऊन पुढच्या भक्षक पेशीच्या तोंडी जातो. हे चक्र धुळीचे काम सोडल्यावरही चालू राहते, म्हणून सिलिकोसिस, म्हणजे या धुळीने फुप्फुसांत गाठी बनवणारा आजार, काम सुटल्यानंतरही वाढू शकतो. मरणाऱ्या प्रत्येक पेशीतून एलडीएच बाहेर पडते. प्राण्यांवरच्या प्रयोगांत फुप्फुसे सलाइनने धुऊन त्या धुवणात एलडीएच, अल्कलाइन फॉस्फटेज आणि बीटा-ग्लुकुरोनिडेज मोजतात, आणि धुळीचा विषारीपणा ठरवायला ते उत्तम माप आहे.

पण ते धुवण फुप्फुसातूनच आलेले असते. दंडाच्या शिरेतून काढलेल्या रक्तात सगळ्या शरीराची जमा एकत्र होते. एलडीएच शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. एच आणि एम अशा दोन प्रकारच्या उपघटकांपैकी चार एकत्र येऊन ते बनते, म्हणून त्याचे पाच प्रकार होतात. पहिला हृदयात आणि लाल रक्तपेशींत जास्त, पाचवा यकृतात आणि हाडांवरच्या स्नायूंत जास्त. फुप्फुसाकडे बोट दाखवणारा म्हणून तिसरा सांगितला जातो. पण तो प्लीहेत, लसिका ऊतींत आणि प्लेटलेटमध्येही भरपूर असतो. रिपोर्टवर छापलेले ‘एलडीएच’ ही या पाचांची बेरीज. त्या बेरजेत फुप्फुसाचा वाटा किती, हे बेरीज सांगत नाही.

इथे एक गोष्ट हमखास निसटते. पाळीभर घण मारणाऱ्या, पोती उचलणाऱ्या किंवा हादरणारे ड्रिल छातीशी धरणाऱ्या माणसाच्या स्नायूंतून एलडीएच, सीके (क्रिएटिन कायनेज) आणि एएसटी ही तिन्ही एंझाइमे रक्तात उतरतात. त्यात आजार काही नाही, ती मेहनतीची खूण आहे. आता या कामगारांची तुलना ऑफिसात बसणाऱ्या कर्मचाऱ्यांशी केली, तर धुळीच्या गटाची सरासरी वर येईल आणि अहवालात लिहिले जाईल, ‘धुळीने एलडीएच वाढते’. वाढवले असेल घणाने. तुलनेचा गट घ्यायचाच तर तितकेच अंगमेहनतीचे पण धुळीपासून दूरचे काम करणारा घ्यावा, आणि एलडीएचसोबत त्याच नळीतून सीके करावे. दोन्ही वर असतील तर आधी स्नायूंचा विचार करावा. सीके सरळ असून एलडीएच वर असेल तर पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

त्याहून मोठी चूक रक्त काढतानाच होते. लाल पेशीच्या आत एलडीएचचे प्रमाण सीरमच्या, म्हणजे रक्त साकळल्यावर वेगळ्या होणाऱ्या निवळ द्रवाच्या, शंभरपटीहून जास्त असते. थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा चढतो आणि तो चढतो तेव्हा सीरमला डोळ्यांना दिसण्याइतकी लालीही आलेली नसते. कारखान्याच्या आवारात टेबल मांडून तासाला चाळीस-पन्नास जणांचे रक्त काढले जाते, तिथे पेशी फुटायला काय काय कारणीभूत होते ते पाहा. पट्टा एका मिनिटाहून अधिक आवळून ठेवला जातो. स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचली जाते, आणि ओले स्पिरिट सुईबरोबर आत जाऊन पेशी फोडते. बारीक सुई वापरली जाते. सिरिंजमध्ये काढलेले रक्त सुईसकट निर्वात नळीच्या बुचात खुपसून दट्ट्या जोरात दाबला जातो. नळी हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलटीसुलटी करायची, ती खुळखुळ्यासारखी हलवली जाते. यातली एकेक गोष्ट किरकोळ वाटते. पण त्या टेबलावरून उठणाऱ्या शंभर नमुन्यांतले ‘वाढलेले’ एलडीएच या चुकांतून आलेले असू शकते, आणि मग त्या माणसांना विनाकारण पुढच्या तपासण्यांच्या रांगेत उभे राहावे लागते.

रीत अशी ठेवावी. सुट्टीनंतरच्या दिवशी, पाळी सुरू होण्याआधी, सकाळी नमुना घ्यावा. आधीचे ४८ तास जड काम झालेले नसावे. २१ गेजची सुई, पट्टा एक मिनिटाच्या आत सैल, स्पिरिट पूर्ण वाळलेले. सीरमच्या नळीत रक्त भरल्यावर ती उभी ठेवून ३० मिनिटे साकळू द्यावी. घाईने आधीच फिरवली तर साकळण्याची क्रिया अर्धवट राहते. मग १,३०० ते २,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट) या बळाने १० मिनिटे सेंट्रिफ्यूज. नोंद ‘जी’मध्ये करावी, नुसती फेऱ्यांची संख्या लिहून चालत नाही, कारण त्याच फेऱ्यांना मोठ्या आणि छोट्या यंत्रात वेगळे बळ मिळते. रक्त काढल्यापासून दोन तासांत सीरम वेगळे झालेच पाहिजे. कारखाना लांब असेल तर सेंट्रिफ्यूज तिथे न्यावे. पेशींसकट रक्ताच्या नळ्या जीपमधून हादरे खात नेऊ नयेत. हेपरिनच्या नळीतले रक्तद्रव वापरत असाल तर फिरवणे अपुरे झाल्यास प्लेटलेट त्यात तरंगत राहतात आणि तिसऱ्या प्रकारचे एलडीएच त्यांच्यातूनच उतरते. म्हणजे फुप्फुसाचा म्हणून जो प्रकार शोधायचा, नेमका तोच खोटा वाढतो.

आणि बर्फाचा डबा. नमुना म्हटला की बर्फ, ही सवय इतकी मुरली आहे की एलडीएचसाठी ती चुकीची आहे हे सांगावे लागते. चौथ्या आणि पाचव्या प्रकारचे एलडीएच थंडीत निकामी होत जाते. वेगळे केलेले सीरम खोलीच्या तापमानाला ठेवून शक्यतो त्याच दिवशी मोजावे, गोठवू तर नयेच. पेशींसकट रक्त बर्फाच्या विटेला टेकले तर पेशी गोठून फुटतात आणि आकडा वर जातो. सीरम थंडीत राहिले तर खाली येतो. एकाच डब्यातून दोन उलट चुका, आणि दोन्ही मिळून आकडा कधी कधी अगदी ‘नॉर्मल’ दिसतो. एसीईचे सीरम मात्र फ्रिजमध्ये चांगले टिकते. दोन्ही चाचण्या करायच्या असतील तर सीरमचे दोन वाटे करून दोन ठिकाणी ठेवावेत. संशय आला तर पोटॅशियम पाहावे : पेशी फुटल्या असतील तर तेही वर गेलेले असते. पण रक्त पेशींसकट थंडीत राहिले असेल तर पेशी न फुटताही पोटॅशियम पाझरते, म्हणून बर्फातून आलेल्या नळीत हा पडताळा चालत नाही. यंत्रावर हिमोलिसिस इंडेक्स (लाल पेशी किती फुटल्या त्याचा अंक) मिळत असेल तर प्रत्येक रिपोर्टवर तो छापण्याचा आग्रह धरावा.

आकड्याची भाषाही एक नाही. लॅक्टेटपासून पायरुव्हेटकडे जाणारी क्रिया मोजणाऱ्या पद्धतीत प्रौढांची वरची मर्यादा २२० ते २५० युनिट प्रति लिटरच्या आसपास असते. उलट दिशेची क्रिया मोजणाऱ्या पद्धतीत तोच नमुना साधारण दुप्पट आकडा देतो. यंदा एका प्रयोगशाळेकडे काम आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे, असे झाले तर १८० चे ३६० होऊ शकतात आणि माणसाच्या फुप्फुसात काहीच बदललेले नसते. म्हणून कार्डावर आकड्याशेजारी पद्धत आणि तिची मर्यादा लिहिलेली नसेल तर तो आकडा पुढच्या वर्षी तुलनेला कामाचा नाही.

आता एसीई. उच्च रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे हे नाव सर्वांच्या परिचयाचे आहे. हे एंझाइम फुप्फुसातल्या केशवाहिन्यांच्या अस्तरावर भरपूर असते, आणि गाठी बनवणाऱ्या भक्षक पेशीही ते तयार करतात. १९७५ मध्ये सार्कॉइडोसिस या अवयवांत गाठी बनवणाऱ्या आजाराच्या रुग्णांत ते वाढलेले आढळले. सिलिकोसिसमध्येही गाठी बनतात, तेव्हा तिथेही ते पाहिले गेले. काही रुग्णगटांत, विशेषतः आजार पुढे सरकत असलेल्यांत, ते वाढलेले मिळाले; काहींत फारसा फरक मिळाला नाही. एसीईच्या जनुकाचे आय आणि डी असे दोन नमुने असतात. दोन्हीकडून डी मिळालेल्या निरोगी माणसाचे एसीई दोन्हीकडून आय मिळालेल्या निरोगी माणसाच्या सुमारे दुप्पट असू शकते, आणि माणसामाणसांतल्या फरकाचा जवळजवळ निम्मा भाग या एका गोष्टीतून येतो. सगळ्यांना एकच मर्यादा लावली तर पहिला उगीच संशयित ठरतो आणि दुसरा आजारी असूनही सुटतो.

त्यात गोळ्या. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल यांपैकी काही चालू असेल तर एसीई दाबलेले मिळणार. तेच त्या गोळीचे काम. अशा माणसाची ही चाचणी करूच नये, आणि चाचणीसाठी गोळी थांबवायला तर मुळीच सांगू नये. लोसार्टन, टेल्मिसार्टन यांचा मार्ग वेगळा आहे, त्यांनी एसीई दाबले जात नाही. नळीचा रंगही इथे फार महत्त्वाचा. एसीई जस्तावर चालते. जांभळ्या बुचाच्या नळीतले ईडीटीए जस्त ओढून घेते आणि आकडा जवळजवळ शून्यावर येतो. अल्कलाइन फॉस्फटेजचेही तेच, त्याला जस्त आणि मॅग्नेशियम दोन्ही लागतात. हिमोग्रॅमच्या नळीत उरलेले रक्त वाया कशाला घालवायचे म्हणून त्यातच ‘एसीई पण करून टाका’ असे कोणी सांगितले तर निकाल असाच येईल. थायरॉइडचा अतिस्राव, मधुमेह, कुष्ठरोग यांतही एसीई वाढू शकते. बेरिलियमच्या धुळीने होणारा आजार हुबेहूब सार्कॉइडोसिससारखा दिसतो आणि तिथेही ते वाढते. पण त्यासाठी लिंफोसाइट पेशींची बेरिलियमला होणारी प्रतिक्रिया तपासणारी वेगळी चाचणी आहे, तीच करावी.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. एडीए (अ‍ॅडेनोसिन डीअमिनेज) या एंझाइमाचा उपयोग छातीत साचलेल्या पाण्यात क्षयाचा संशय तपासायला होतो. रक्तातल्या एडीएवरून धुळीच्या कामगाराबद्दल निर्णय घेता येत नाही. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही लाल पेशींतली संरक्षक एंझाइमे धुळीच्या कामगारांत कुठे वाढलेली, कुठे घटलेली आढळली आहेत. विडी-सिगारेट आणि आहार यांचा त्यांच्यावर इतका परिणाम होतो की धुळीचा वाटा वेगळा काढणे कठीण. एमएमपी-७, एमएमपी-९ ही ऊतींचा सांगाडा तोडणारी एंझाइमे संशोधनात आहेत, तिथेच असू द्यावीत. आणि ‘फुप्फुसाचे एंझाइम’ म्हणून ज्यांची नावे सरसकट घेतली जातात त्यांतली काही एंझाइमे नाहीतच. सीसी-१६ हे श्वासनलिकांच्या अस्तरातल्या क्लब पेशींचे प्रथिन आहे. सिलिका आणि धूम्रपान यांनी ते रक्तात घटते, आणि मूत्रपिंडे मंद झाली की वाढते. केएल-६ हे म्यूसिन जातीचे, सर्फॅक्टंट प्रथिन-डी वायुकोशाच्या अस्तरातले. तंतुमय आजार किती जोरात आहे हे पाहायला ही दोन एलडीएचपेक्षा फुप्फुसाला कितीतरी जवळची आहेत, पण तीही निदान झालेल्या रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी. हजार निरोगी दिसणाऱ्यांमधून आजारी माणूस निवडून काढायला ती पुरेशी नाहीत.

का नाहीत, ते एका हिशेबात दिसते. समजा, १,००० कामगार आहेत आणि त्यांतल्या ५० जणांना सिलिकोसिस सुरू झाला आहे. चाचणी आजाऱ्यांपैकी ६० टक्के पकडते आणि निरोगींपैकी ८० टक्क्यांना निरोगी म्हणते, असे धरू. रक्तातल्या एका एंझाइमाच्या मानाने ही उदार मांडणी आहे. ५० पैकी ३० पकडले जातील, २० ‘नॉर्मल’ म्हणून परत धुळीत जातील. उरलेल्या ९५० निरोगींपैकी १९० जणांवर संशयाचा शिक्का बसेल. म्हणजे शिक्का बसलेल्या २२० पैकी खरे आजारी ३०, सातात एक. शिवाय मर्यादा ठरवण्याची रीतच अशी आहे की निरोगी माणसांतले ५ टक्के तिच्या बाहेर पडतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या पाच चाचण्या एका निरोगी माणसाच्या केल्या तर निदान एक बाहेर येण्याची शक्यता २३ टक्के होते. यादी लांबवली की तपासणी सखोल होते, हा समज इथेच मोडतो.

मग उपयोग कुठे? माणसाची तुलना त्याच्याच आधीच्या आकड्याशी केली तर थोडा. धुळीत पाऊल टाकण्याआधीचा एक नमुना, नाव-दिनांक-पद्धतीसह, हा पाया. एलडीएच निरोगी माणसातही दिवसागणिक हलते. हा नैसर्गिक चढउतार ७ टक्के आणि यंत्राचा स्वतःचा ३ टक्के धरला, तर दोन वाचनांतला फरक सुमारे २१ टक्क्यांच्या वर गेल्याशिवाय तो खरा बदल मानता येत नाही. गेल्या वर्षी १६८ आणि यंदा १९६ आले तर ती वाढ १७ टक्के झाली; त्यावर काही लिहू नये. २१५ आले तर वाढ २८ टक्के. तेव्हा आधी नमुना पुन्हा नीट घ्यावा, आणि तसेच आले तर सीके, हिमोग्लोबिन, बिलिरुबिन, एएलटी पाहावे. ब-१२ च्या कमतरतेच्या पंडुरोगात एलडीएच हजारांत जाते आणि फुप्फुसाचा त्यात काहीही संबंध नसतो. गेल्या चार आठवड्यांत ताप किंवा छातीचा संसर्ग झाला होता का, हेही विचारावे. सगळे मार्ग बंद झाल्यावर फुप्फुसाकडे यावे, आणि तेव्हा मात्र टाळाटाळ करू नये.

एका परिस्थितीत तर एलडीएच खरोखर बोलते. बंद जागेत वाळूचा झोत मारणारे, ९० टक्क्यांहून अधिक सिलिका असलेला कृत्रिम दगड कोरडा कापणारे अशांना काही महिन्यांत ते थोड्या वर्षांत तीव्र सिलिकोसिस होऊ शकतो. त्यात वायुकोश प्रथिनयुक्त, चरबीयुक्त द्रवाने भरतात, आणि या स्थितीत एलडीएच बहुधा वाढलेले सापडते. महिन्याभरात वाढत गेलेली धाप, वजनात घट, आणि वर चढलेले एलडीएच असा माणूस समोर आला तर पुढच्या वार्षिक फेरीची वाट न पाहता त्याच दिवशी त्याला धुळीतून बाहेर काढून एचआरसीटीला (फुप्फुसांच्या बारकाईच्या सीटी स्कॅनला) पाठवावे. कृत्रिम दगडाच्या कामाने तरुण कामगारांची काय अवस्था होते हे पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्याच्या ओट्यांवर आणि फळ्यांवर बंदीच घातली.

एलडीएच यादीत असण्यावर आमची तक्रार नाही. ते दुसऱ्या कशाची जागा खाते, तिथे अडते. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षेच्या यंत्रणेने २०१६ मध्ये सिलिकासाठी जो नियम केला, त्यातल्या तपासणीत कामाचा व आजारांचा इतिहास, शारीरिक तपासणी, छातीचा एक्स-रे, स्पायरोमेट्री (फुंकर मारून फुप्फुसांची क्षमता मोजणे) आणि सुप्त क्षयाची चाचणी आहे. एकही एंझाइम नाही. तिथे धुळीत आल्यापासून ३० दिवसांत पहिली तपासणी आणि पुढे निदान दर तीन वर्षांनी एक, असे आहे.

एक्स-रे ‘नॉर्मल स्टडी’ एवढ्या दोन शब्दांत वाचून घेऊ नये. तो आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या) वर्गीकरणाने, प्रमाण फिल्म शेजारी ठेवून वाचायचा असतो. गोल ठिपके दीड मिलिमीटरपर्यंत पी, तीनपर्यंत क्यू, दहापर्यंत आर. दाटी ०/- पासून ३/+ पर्यंत बारा पायऱ्यांत. १/० ही पायरी आली की आजार धरून पुढे जातात. फिल्म फार काळी काढली तर बारीक पी ठिपके विरून जातात, फार पांढरी काढली तर नसलेले दिसतात. श्वास अर्धवट घेतलेला असेल तर तळाशी खोटी दाटी येते. स्पायरोमेट्रीत निदान तीन स्वीकारार्ह फुंकरी हव्यात आणि त्यांतल्या सर्वोत्तम दोन १५० मिलिलिटरच्या आत जुळायला हव्यात. रांग मोठी म्हणून एकाच फुंकरीवर छापलेला कागद फाइलमध्ये लावू नये. एफईव्ही-१, म्हणजे पहिल्या सेकंदात फुंकलेल्या हवेचे मापही मागच्या वर्षांशी जोडून पाहावे : पाच वर्षांपूर्वी अपेक्षित मापाच्या ११० टक्के असलेला माणूस आज ८८ वर असेल तर तो छापील अर्थाने अजून ‘नॉर्मल’च आहे, आणि त्याने बरेच गमावलेले आहे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर थुंकी तपासावी, कारण सिलिका क्षयाला वाट करून देते. कापसाच्या धुळीचे काम असेल तर हिशेब आणखी वेगळा : बिसिनोसिसमध्ये सुरुवातीला ना एक्स-रे बोलतो ना रक्त. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, आणि पाळीआधी व पाळीनंतर अशी दोनदा स्पायरोमेट्री केली तरच घट पकडता येते.

आणि हवा. कामगाराच्या रक्तात धुळीची खूण शोधण्याआधी त्याच्या नाकासमोरची धूळ मोजावी. कॉलरला सायक्लोन (जाड कण वेगळे काढणारे छोटे उपकरण), कमरेला पंप, मध्ये ३७ मिलिमीटरची पीव्हीसी फिल्टर. नायलॉन सायक्लोनला मिनिटाला १.७ लिटर प्रवाह लागतो. आठ तासांत, म्हणजे ४८० मिनिटांत, ०.८१६ घनमीटर हवा ओढली जाते. मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम धरली तर तेवढ्या हवेत फिल्टरवर फक्त ४१ मायक्रोग्रॅम क्वार्ट्झ बसले तरी मर्यादा गाठली. मीठाच्या एका खड्याहूनही ते कमी. म्हणूनच ‘धूळ दिसत नाही’ हा युक्तिवाद कामाचा नाही. पंपाचा प्रवाह आधी आणि नंतर दोन्ही वेळा तपासावा, फरक ५ टक्क्यांच्या वर गेला तर नमुना रद्द. जेवणाच्या सुट्टीत कामगाराने पट्टा काढून सायक्लोन उलटा ठेवला की तळाच्या कुपीतली जाड कणी फिल्टरवर ओतली जाते आणि आकडा भलताच चढतो. त्याला पट्टा देतानाच हे दाखवून सांगावे. एक कोरी फिल्टर न वापरता सोबत पाठवावी. क्वार्ट्झ एक्स-रे विवर्तनाने किंवा इन्फ्रारेडने मोजून घ्यावे, फिल्टरचे नुसते वजन पुरेसे नाही. हा आकडा हातात असला की पाण्याची फवारणी कुठे हवी, शोषक हूड कुठे तोकडा पडतो, कोरडा झाडू आणि हवेचा पाइप कुठून हटवायचा, हे ठरवता येते. २२० एलडीएचवरून यातले काहीच ठरत नाही.

शेवटी, कार्डावरच्या शब्दांबद्दल विनंती. ‘एलडीएच नॉर्मल, फुप्फुसे ठीक’ याऐवजी असे लिहावे : ‘एलडीएच १८४ युनिट प्रति लिटर, लॅक्टेट ते पायरुव्हेट पद्धत, हिमोलिसिस नाही, सीके मर्यादेत, यावरून फुप्फुसांबाबत निष्कर्ष नाही. एक्स-रे आयएलओ ०/१, दोन वाचकांनी वाचलेला; एफईव्ही-१ मागील तीन वर्षांशी तुलना सोबत.’ याची एक प्रत कामगाराच्या हातात, त्याला वाचता येईल अशा भाषेत द्यावी. ठेकेदार बदलला तरी कार्ड कारखान्याच्या दप्तरी राहावे. ओशाच्या नियमात ही कागदपत्रे नोकरी संपल्यानंतर ३० वर्षे जपायची असतात, आणि सिलिकोसिस ज्या गतीने उगवतो ती पाहता ती मुदत लांब नाही. वाढलेल्या एका आकड्यावरून कोणाला कामावरून कमी करू नये. त्याला धूळ नसलेल्या जागी हलवून त्याच पगारावर तपासणी पुरी करावी, नाहीतर पुढच्या वेळी खोकला असलेला माणूस रांगेतच उभा राहणार नाही.

कळावे,
व्यवसायजन्य आरोग्य आणि चिकित्सा जीवरसायनशास्त्र या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण